उताऱ्यातील मुख्य कल्पना व तिचे आधार

(वडनेर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी योजिलेल्या भाषणाचा पाठ)



चौथीच्या वर्गात एक मुलगा उभा राहतो आणि पाठ्यपुस्तकातील उतारा मोठ्याने वाचतो. उच्चार स्वच्छ, गती बरी, पूर्णविरामापाशी थांबणेही बरोबर. शिक्षक समाधानाने विचारतात, "वाचलेस त्यात काय सांगितले आहे?" मुलगा क्षणभर पुस्तकाकडे पाहतो आणि उताऱ्याचे पहिले वाक्य पुन्हा वाचून दाखवितो. दुसऱ्या मुलास विचारले असता तो एकच शब्द सांगतो, "कापूस." तिसरी मुलगी उताऱ्यात जे तिला नवलाचे वाटले तेवढेच सांगते. तिघांनाही वाचता येते. परंतु लेखकाने हा उतारा काय सांगण्यासाठी लिहिला, हे तिघांपैकी एकानेही सांगितलेले नसते.

हे चित्र केवळ एखाद्या गावाचे किंवा तालुक्याचे नव्हे. २०२४ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ साली हेच प्रमाण ४२.८ टक्के होते. ही सुधारणा शिक्षकांच्या परिश्रमांची साक्ष होय. परंतु ही चाचणी प्रामुख्याने उतारा मोठ्याने व अस्खलित वाचता येतो की नाही, हे पाहते. अस्खलित वाचणाऱ्या मुलांपैकी किती जणांस उताऱ्याचा गाभा सांगता येतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकास आपल्याच वर्गात शोधावे लागते.

हा प्रश्न परीक्षेतील चार-पाच गुणांपुरता आहे असे कोणी समजू नये. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या आपत्तीची कारणे अनेक होती. तिचा दोष वाचनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि औषधाच्या डब्याबरोबर जे माहितीपत्रक येते, ते एकदा नीट पाहावे. त्यात औषधाचे नाव असते, घटकांचे प्रमाण असते, कोणत्या पिकास किती मात्रा हे असते, साठवण कशी करावी हे असते, विषबाधेची लक्षणे व उतारही असतो. अक्षर बारीक आणि मजकूर दाट. या सगळ्यांत मुख्य गोष्ट कोणती आणि तपशील कोणता, हे ज्यास निवडता येत नाही, त्याने पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचले तरी त्याच्या हाती काही लागत नाही. डब्यावरील चौकटीत लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. शाळेत शिकणारी मुलेच पुष्कळ घरांत वडिलांना व आजोबांना असे कागद वाचून दाखवितात. त्यांच्या वाचनावर घरातील माणसे भरवसा ठेवतात.

तेव्हा मुख्य कल्पना म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. या ठिकाणी तीन गोष्टींची गल्लत होते. उतारा ज्याविषयी असतो तो त्याचा विषय. तो बहुधा एका शब्दात किंवा दोन शब्दांत सांगता येतो. त्या विषयासंबंधी लेखक जे विधान करतो, ती मुख्य कल्पना. ती पूर्ण वाक्यातच सांगता येते. आणि त्या विधानास जी कारणे, उदाहरणे, आकडे वा वर्णने आधार देतात, ते पूरक तपशील. "कापूस" हा विषय झाला. "कापसास काळी जमीन मानवते" ही कल्पना झाली. "काळी माती ओल धरून ठेवते" हा तिचा आधार झाला. मुलाने एकच शब्द सांगितला तर तो चुकला असे म्हणू नये, तो पहिल्या पायरीवर आहे असे समजून त्यास विचारावे, "बरोबर, कापसाविषयी आहे. पण कापसाविषयी काय सांगितले आहे?" या एका प्रश्नाने पुष्कळ मुले दुसऱ्या पायरीवर येतात.

आता एक उतारा घ्यावा आणि तो फळ्यावर लिहावा:

"कापसाचे पीक काळ्या जमिनीत चांगले येते. काळी माती पावसाची ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते. कापसाचे सोटमूळ खोल जाते आणि खालची ओल शोषून घेते. म्हणून पावसाने काही दिवस ओढ दिली तरी झाड तग धरते. कापसाचे फूल उमलते तेव्हा फिकट पिवळे असते आणि मग गुलाबी होते."

पाच वाक्यांच्या या उताऱ्यात पहिले वाक्य मुख्य कल्पनेचे आहे. दुसरे, तिसरे व चौथे वाक्य एकमेकांचा हात धरून उभी आहेत: मातीत ओल राहते, मूळ ती ओल घेते, म्हणून झाड तगते. ही साखळी पहिल्या वाक्यास आधार देते. पाचवे वाक्य खरे आहे, सुंदरही आहे. परंतु काळ्या जमिनीच्या गुणाशी त्याचा संबंध नाही. मुलांना नेमके हेच वाक्य अधिक आठवते, कारण ते डोळ्यांपुढे रंग उभे करते. मनास भावणारी गोष्ट आणि महत्त्वाची गोष्ट या नेहमी एकच असतात असे नाही, हे मुलांना कळणे हा या पाठाचा निम्मा भाग होय.

हे कळावे म्हणून दोन साध्या कसोट्या वर्गात वापरता येतात. पहिली पुसण्याची कसोटी. फळ्यावरील एकेक वाक्य पुसावे आणि विचारावे, "आता उताऱ्याचे काय बिघडले?" फुलाचे वाक्य पुसले तर काहीच बिघडत नाही. मुळाचे वाक्य पुसले तर साखळीतील एक कडी निखळते. पहिले वाक्य पुसले तर बाकीची वाक्ये कशासाठी सांगितली तेच उमगत नाही. दुसरी "का?" या प्रश्नाची कसोटी. मुख्य वाक्य म्हणून जे निवडले असेल, ते म्हणून झाल्यावर "का?" असे विचारावे. "कापूस काळ्या जमिनीत चांगला येतो." का? उरलेल्या वाक्यांनी उत्तर दिले तर निवड बरोबर. "फूल गुलाबी होते." का? या प्रश्नाला उताऱ्यातील एकही वाक्य उत्तर देत नाही. म्हणजे निवड चुकली.

लहान मुलांसाठी खाटेचे चित्र उपयोगी पडते. फळ्यावर खाट काढावी. वरच्या ठाव्यावर मुख्य कल्पना लिहावी आणि प्रत्येक पायावर एकेक आधार. खाट तीन पायांवर उभी राहील की चार, हे उताऱ्यावर अवलंबून ठेवावे. पाय पुरे करण्यासाठी नसता तपशील ठोकून बसवू नये. जे वाक्य खाटेला उचलून धरीत नाही, ते खाटेखाली लिहावे. फुलाचे वाक्य असे खाली जाते. त्याचा अनादर करू नये. फक्त त्याची जागा दाखवावी.

ही दृष्टी परदेशातून आलेली आहे असे वाटण्याचे कारण नाही. ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे याचा विचार मीमांसकांनी फार पूर्वी केला होता. ग्रंथाचा आरंभ व शेवट कशाने होतो, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, नवे असे काय प्रतिपादिले आहे, त्याचे फल काय, प्रसंगाने आलेली स्तुती किंवा वर्णन म्हणजे अर्थवाद कोणता, आणि सिद्धांतास बळकटी देणारी उपपत्ती कोणती, अशा खुणा त्यांनी सांगितल्या. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच्या प्रकरणात याच कसोट्यांचा ऊहापोह करून मग गीतेचे तात्पर्य शोधण्यास हात घातला. उपपत्ती व अर्थवाद यांतील भेद म्हणजेच खाटेचा पाय आणि खाटेखालचे वाक्य यांतील भेद. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे ज्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, त्या विनोबांनीही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांतील आशय पुढे 'साम्यसूत्रां'त लहान लहान सूत्रांनी बांधला. विस्ताराने सांगितलेल्या गोष्टीचा गाभा मोजक्या शब्दांत पकडणे किती कठीण आणि किती उपयोगाचे आहे, याचे ते जवळचे उदाहरण होय.

जुन्या मराठी पत्रांतही याची एक सोय होती. मोडी पत्र सलग लिहिले जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, परिच्छेद नाही. तरीही वाचणारा गोंधळत नसे. आरंभी मायना, मग क्षेमकुशल, आणि त्यानंतर "विशेष" हा शब्द येई. "विशेष" आला की खरा मजकूर सुरू झाला, हे वाचणारा जाणे. आजच्या उताऱ्यात असा इशारा देणारा शब्द नसतो. तो मुलाने आपल्या मनाशी घालावयाचा असतो. पाचवी-सहावीच्या मुलांना ही गोष्ट सांगून "या उताऱ्यात 'विशेष' कोठे लिहाल?" असे विचारले तर त्यांना मौज वाटते आणि त्यांचे लक्ष नेमके योग्य ठिकाणी जाते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांच्या परिच्छेद-वाचनातील चुका तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा की, परिच्छेद समजणे हे गणित सोडविण्यासारखे आहे. योग्य घटक निवडावे लागतात, त्यांचा परस्परसंबंध जुळवावा लागतो आणि प्रत्येकास योग्य ते वजन द्यावे लागते. एखाद्या शब्दास अवाजवी वजन मिळाले की उत्तर चुकते. गुलाबी फूल सांगणारी मुलगी आळशी नसते किंवा मंदही नसते. तिने एका शब्दास वाजवीपेक्षा अधिक वजन दिलेले असते. ही चूक विचारातील आहे, म्हणून ती विचारानेच सुधारते. "पुन्हा वाच" एवढे सांगून ती सुधारत नाही.

येथे एका रूढ समजुतीविषयी सावध राहणे जरूर आहे. "पहिले वाक्य म्हणजे मुख्य कल्पना" असा नियम पुष्कळ वर्गांत सांगितला जातो. परीक्षेच्या दृष्टीने तो सोपा आहे, पण खरा नाही. रिचर्ड ब्रॅडॉक या अभ्यासकाने १९७४ साली नामांकित इंग्रजी नियतकालिकांतील वैचारिक लेख तपासले, तेव्हा अवघ्या १३ टक्क्यांच्या आसपास परिच्छेदांचा आरंभ मुख्य विधानाने होतो असे त्यास आढळले. मराठी लेखकही मुख्य गोष्ट कधी आरंभी सांगतात, कधी शेवटी, तर कधी सांगतच नाहीत. म्हणून मुलांपुढे तिन्ही प्रकारचे उतारे ठेवले पाहिजेत. मुख्य कल्पना शेवटी असलेला उतारा असा:

"हिंगणघाट शहराजवळून वणा नदी वाहते. वणा पुढे वर्धा नदीस मिळते. वर्धा व वैनगंगा यांचा संगम झाल्यावर त्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहिता गोदावरीस मिळते. गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. अशा रीतीने हिंगणघाट तालुक्यात पडलेला पाऊस नदीमागून नदी करीत पूर्वेच्या समुद्रापर्यंत पोहोचतो."

येथे पहिले वाक्य मुख्य म्हणून निवडणारा मुलगा "का?" या कसोटीवर लगेच अडतो. शेवटचे वाक्य मात्र आधीच्या पाचही वाक्यांस कवेत घेते. "अशा रीतीने", "म्हणून", "सारांश", "थोडक्यात" हे शब्द मुख्य कल्पना जवळ आल्याची खूण असतात; "उदाहरणार्थ", "जसे की", "कारण" हे शब्द आधार येत असल्याची. मुलांनी या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण, कारण त्यात मुख्य कल्पना लिहिलेलीच नसते:

"उजाडण्यापूर्वीच आईने चूल पेटविली. सात वाजता आई, आजी आणि सुमन कमरेला ओट्या बांधून वावराकडे निघाल्या. वाटेत बहुतेक घरांना कुलपे लागलेली होती. त्या दिवशी पाचवीच्या वर्गात निम्मीच मुले आली. संध्याकाळी अंगणात कापसाचा ढीग पडला. सुमनने हात धुतले आणि ती शेजारच्या मैत्रिणीकडे गेली. 'आज बाईंनी काय शिकविले?' तिने विचारले."

यात "वेचणीच्या दिवसांत सगळे गाव शेतात असते आणि मुलांची शाळा बुडते" असे वाक्य कोठेही नाही. तरी प्रत्येक तपशील त्याच वाक्याकडे बोट दाखवितो. मुले प्रथम म्हणतील, "सुमन कापूस वेचायला गेली." ही झाली घटना. मग विचारावे, "घरांना कुलपे होती, हे लेखकाने कशासाठी सांगितले? निम्मीच मुले आली, हे कशासाठी? सुमन संध्याकाळी मैत्रिणीकडे का गेली?" तिन्ही उत्तरे एकत्र आणली की मुले स्वतःच ते न लिहिलेले वाक्य बोलतात. एखादे मूल याहून वेगळे वाक्य सांगेल. "सुमनला शाळा आवडते" असे एखादी मुलगी म्हणाली तर तिला उताऱ्यातील आधार दाखविण्यास सांगावे. शेवटचा तपशील तिच्या बाजूने आहे, बाकीचे नाहीत. अशा वेळी "चूक" म्हणण्याऐवजी "तुझ्या खाटेला एकच पाय आहे" असे म्हटले तर मुलीचा हिरमोड होत नाही आणि विचार पुढे जातो.

घरच्या बोलीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पुस्तक "कापसाचे झाड" म्हणते, मूल "पऱ्हाटी" म्हणते. पुस्तक "शेत" म्हणते, मूल "वावर" म्हणते. पुस्तक "बांध" म्हणते, मूल "धुरा" म्हणते. मुख्य कल्पना सांगताना मूल आपल्या शब्दांत बोलू लागले की ती खऱ्या आकलनाची खूण समजावी, कारण पाठ केलेले वाक्य पुस्तकाच्या शब्दांतच बाहेर पडते. त्या क्षणी शब्द सुधारण्याची घाई करणारा शिक्षक मुलाचे बोलणेच बंद करतो. प्रथम आशय स्वीकारावा, फळ्यावर मुलाचा शब्द व पुस्तकाचा शब्द शेजारी शेजारी लिहावे, आणि लेखनाच्या वेळी प्रमाण शब्दाचा आग्रह धरावा.

प्रश्न काढण्यातही थोडा बदल करणे इष्ट आहे. "वणा नदी कोणत्या नदीस मिळते?" अशा प्रश्नांची उत्तरे मुले उताऱ्यात डोळे फिरवून शोधतात, अर्थ न समजताही ती बरोबर येतात. असे प्रश्न असावेत, पण केवळ तेवढेच नसावेत. प्रत्येक उताऱ्यावर निदान तीन प्रश्न निराळे असावेत: उताऱ्यास योग्य शीर्षक द्या, उताऱ्याचे म्हणणे एका वाक्यात लिहा, त्या म्हणण्यास आधार देणाऱ्या दोन गोष्टी लिहा. शीर्षक तपासताना ते फार रुंद झाले आहे की फार अरुंद, हे पाहावे. वरील नद्यांच्या उताऱ्यास "भारतातील नद्या" हे शीर्षक फार रुंद, "वणा नदी" हे फार अरुंद, आणि "तालुक्याच्या पावसाचा समुद्रापर्यंत प्रवास" हे बेताचे.

दोन शिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकत्र बसतात. तेथे वेळ कोठून आणावा, अशी शंका रास्त आहे. या कामास निराळा तास लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटे पुरतात. पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः उतारा वाचावा आणि आपण मुख्य कल्पना कशी शोधतो हे मोठ्याने विचार करून दाखवावे. चुकीचे वाक्य निवडून ते कसोटीवर कसे टिकले नाही, हेही दाखवावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी दोघादोघांनी खाट काढावी. मोठ्या इयत्तेचे मूल लहान इयत्तेच्या मुलाबरोबर बसविले तर दोघांचाही लाभ होतो. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने लिहावे. पहिली-दुसरीच्या मुलांस वाचता येत नसेल तर गोष्ट ऐकवून हेच प्रश्न तोंडी विचारावेत; आकलनाची सवय अक्षरांची वाट पाहत नाही. उतारे पाठ्यपुस्तकाबाहेरचेही घ्यावेत: ग्रामसभेची सूचना, लसीकरणाचे पत्रक, एस.टी.चे वेळापत्रक, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर.

वर्ध्याच्या भूमीत हे सांगताना एका गोष्टीचे स्मरण ठेवणे उचित होईल. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बुनियादी शिक्षणाची योजना आखली. तीत पुस्तकी पाठांतरापेक्षा हाताने केलेल्या कामास महत्त्व होते. त्या योजनेचे पुढे काय झाले, याविषयी मतभेद आहेत. पण शिकलेले ज्ञान कामात उतरले पाहिजे, हे तिचे सूत्र वाचनासही लागू पडते. वाचून झाल्यावर मुलास जे करता येते, त्यावरून त्याचे वाचन पारखावे.

म्हणून या विषयाची शेवटची परीक्षा वर्गातच घेता येईल. सातवीच्या मुलांपुढे औषधाच्या डब्याबरोबर येणारे कोरे माहितीपत्रक ठेवावे. रिकामा डबा मात्र कधीही वर्गात आणू नये. मुलांनी पत्रक वाचावे आणि घरी सांगण्यासाठी त्यातील मुख्य गोष्ट एका वाक्यात व आवश्यक तपशील चार वाक्यांत लिहावेत: हे किती विषारी आहे, अंगावर काय घालावे, वाऱ्याच्या दिशेने कसे उभे राहावे, आणि चक्कर अथवा मळमळ होताच हेच पत्रक घेऊन दवाखान्यात जावे. ज्या मुलीने ही पाच वाक्ये नीट लिहिली आणि संध्याकाळी ती घरच्यांस वाचून दाखविली, तिला उताऱ्यातील मुख्य कल्पना व पूरक तपशील यांतील भेद समजला आहे. तिच्या पुढच्या यत्तेच्या शिक्षकास हा पाठ पुन्हा आरंभापासून शिकवावा लागणार नाही.